विहिरीपलीकडचं जांभुळखेड

बहात्तरच्या दुष्काळात सातपुड्याच्या पायथ्याला पाणी नावापुरतं उरलं होतं. सोनाळ्याची निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि ज्यांच्या विहिरीला थोडाफार ओलावा होता ते आपापल्या चार वाफ्यांची राखण करत बसले होते. पंजाबराव आणि विमल हे नवरा-बायको त्या राखण करणाऱ्यांपैकी. गावापासून कोसभरावर, डोंगराच्या अंगाला त्यांचं भाजीपाल्याचं शेत होतं. सरकारदरबारी त्याचं नाव जांभुळखेड रीठ. रीठ म्हणजे कधीकाळी नांदतं असलेलं आणि पुढे उजाड झालेलं गाव. नांगराच्या फाळाला तिथे अजून खापरं लागत, हातभर खाली गेलं की राखेचा काळा थर लागे. मधोमध दगडी पायऱ्यांची जुनी बारव होती. तिच्यावर इंजिन बसवून पंजाबराव वांगी, मिरची, कांदा काढायचा.

होळीच्या आदल्या दिवशी विमल पाणी किती उरलं ते पाहायला बारवेत उतरली आणि खालच्या पायरीवर जागीच थांबली. समोरच्या भिंतीतली कपार उघडी पडली होती. माणूस रांगत आत शिरेल एवढं काळं तोंड, त्याच्या ओठावर वाळलेलं शेवाळ.

ती कपार तिने याआधी एकदाच पाहिली होती, सात वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तेव्हाही साल कोरडं होतं. गाळ काढताना दोघं कुतूहलाने आत शिरले, कोपरावर सरपटत एक वळण ओलांडून उजेडात आले, तर पुन्हा त्याच बारवेत. फक्त पायऱ्या नव्याकोऱ्या, कडेला आंब्याचं झाड, आणि घागरी घेतलेल्या बाया त्यांच्याकडे पाहून ओरडत होत्या. वर गाव होतं. घरं, गुरं, पांढऱ्या मातीची गढी. गावकऱ्यांनी त्यांना पेंढाऱ्यांचे हेर समजून धरलं. पेंढारी म्हणजे नर्मदेकडून डोंगर उतरून येणारे लुटारू, ज्यांच्या गोष्टी विमलने लहानपणी ऐकल्या होत्या. त्यांच्या भीतीने हे लोक अजून दारं लावत होते. पंजाबरावाला झाडाला बांधलं होतं. तेव्हा पाटलाची बायको रुखमाबाई पुढे झाली. "हे हेर नाईत, भ्यालेली पोट्टी हाईत," म्हणाली, भाकरी आणि ताक दिलं, आणि स्वतः बारवेपर्यंत आणून सोडलं. घरी आल्यावर दोघांनी कोणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार होतं? पावसाळ्यात कपार पाण्याखाली गेली ती आज वर आली होती.

विमल वर आली तेव्हा पंजाबराव इंजिनाच्या सावलीत विडी ओढत बसला होता.

"किती हाय पानी?"

"कपार उघडी पडली," विमल म्हणाली.

त्याने विडी मातीत दाबली. "तू पाह्यलंच नाई असं समज."

"उद्या होळी हाय."

"मले ठाऊक हाय उद्या काय हाय ते."

त्यालाही ते ठाऊक होतं म्हणूनच तो तिच्याकडे बघत नव्हता. मेंढ्या चारणाऱ्या म्हाताऱ्या मोतीरामने दोन वर्षांपूर्वी बांधावर बसून ती हकिकत सांगितली होती. जांभुळखेड होळीच्या दिवशी जळालं. गढीला सागवानाचा नवा दरवाजा बसवला होता, त्याच्या भरवशावर सगळं गाव आत शिरलं. पेंढाऱ्यांनी खळ्यातला कडबा आणून दरवाजाला रचला आणि पेटवला. आतून कोणी बाहेर आलं नाही. मोतीरामने ते आपल्या आज्याकडून ऐकलं होतं, आज्याने त्याच्या आज्याकडून. त्यानंतर दर होळीला पुरण वाटताना विमलला रुखमाबाईचं ताक आठवे.

"मागच्या खेपेले अठी चैत होता, तठीही चैतच होता," ती म्हणाली. "म्हनजे उद्या तठीही होळी."

"कोन्या सालची? असंही असन का सारं कवाच होऊन गेलं. असंही असन का अजून पन्नास सालं बाकी हाईत."

"दरवाजा पाहून समजन. नवा असला का समजायचं."

"अन् समजून काय करशील? झालं ते झालं, विमल. मेलेल्या मानसाले हाका मारून तो मागं वयून पाह्यत नाई."

"झालं ते कोनं पाह्यलं? मोतीरामबाबानं राख आयकली. राखेत कोन होतं, कोन नव्हतं, हे राख थोडीच सांगते."

पंजाबराव मग उठून इंजिनात डिझेल ओतू लागला. "सकाऊन रंगाले माह्या मायजवय ठेवू," तो पाठ फिरवूनच म्हणाला. रंगा त्यांचा पाच वर्षांचा मुलगा. "दरवाजा जुना असला का उलट्या पावली माघारी. कबूल?"

"हाव."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच दोघं कपारीत शिरले. वळणापाशी हवा बदलली. इकडच्या कोरड्या धुळीच्या जागी आंब्याच्या मोहराचा वास आला. कपारीच्या त्या बाजूचं तोंड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होतं. पायरीवर एकच बाई घागर भरत होती. विमल तिच्या अंगावरून वर पळाली आणि कठड्याशी येऊन उभी राहिली.

गढीपुढे दोन माणसं दरवाजाला जवसाचं तेल चोळत होती. लाकूड इतकं नवं होतं की रंध्याच्या रेघा उन्हात दिसत होत्या.

मागून आलेल्या पंजाबरावाने दरवाजा पाहिला आणि विमलच्या दंडाला धरलं. परत जाऊ असं तो म्हणाला नाही.

रुखमाबाई त्यांना घराच्या ओसरीवर भेटली. सात वर्षांत केस कानाजवळ पांढरे झाले होते. कडेवर तीनेक वर्षांची मुलगी होती, तिचं अंग तापलेलं, आणि दर थोड्या वेळाने ती खोकत होती. रुखमाबाईने दोघांना ओळखलं. ती दचकली नाही. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "विहिरीतून आले ना? मले ठाऊक होतं एक दिवस याल म्हनून."

विमलने सांगायला सुरुवात केली. शब्द एकावर एक पडत होते. होळी, पेंढारी, दरवाजा, कडबा. हे कुठून समजलं असं रुखमाबाई विचारील आणि आपल्याजवळ उत्तर नसेल, या भीतीने ती अधिकच घाईने बोलत होती. पण रुखमाबाईने ते विचारलंच नाही.

"त्या दिवशी तुम्हाले सोडलं," ती म्हणाली, "अन् तुम्ही भिंतीत शिरले ते भाईर आले नाई. मी मागून गेली. पाहावं म्हटलं, हे जातात तरी कोठी. पल्याड निंगाली. वर येऊन पाह्यलं तं गाव नाई. माह्यं घर नाई, गढी नाई, देऊय नाई. मातीचे उंचवटे अन् कांद्याचे वाफे. मी तुह्या वाफ्यात बसून रडली, बाई. मंग माघारी आली. कोनाले सांगतलं नाई." तिने मुलीच्या कपाळावर हात ठेवला. "तवापासून मी हेच पाह्यत राह्यली, का हे कवा होते. आज म्हनतेस?"

"आज."

"चाल मंग पाटलाकडे."

इंद्रभान पाटील गढीच्या आतल्या चौकात गोफणींसाठी गोटे रचून घेत होता. रुंद छातीचा, पिकल्या मिशांचा, शब्द मोजून बोलणारा माणूस. त्याने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग बायकोकडे पाहिलं.

"मागच्या पेंढारात आपन काय केलं होतं? सांग."

"रानात पयालो होतो," पाटलानेच उत्तर दिलं. "मोकया रानात. माहा भाऊ गेला, त्याची दोन्ही पोरं गेली. घोड्यापुढं मानूस किती धावन? जे पाच-पन्नास या गढीत राह्यले ते वाचले. म्हनून तं हा दरवाजा केला. अन् आता ह्या दोन फिरस्त्यांचं आयकून म्या गाव मोकयं करू?" तो विमलकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच तिला जास्त भीतीचं वाटलं. "बाई, तुले कोनं धाडलं ते मी इचारत नाई. पन ज्याले लुटाचं असते तोच म्हनते, दरवाजा उघडा ठेवा."

विमलला त्याचं चुकलं असं म्हणता येईना. त्याच्या जागी आपला बाप असता तर तोही हेच म्हणाला असता.

दोघांना गढीतल्या धान्याच्या कोठ्यात कोंडलं. भिंतीतल्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत येत होती आणि ती सरकताना दिसत होती. बाहेर मुलं होळीसाठी गोवऱ्या ओढत नेत होती, त्यांचं हसणं ऐकू येई.

"बारवेतलं पानी पाह्यलं तू?" पंजाबरावाने हळूच विचारलं. "तोंडाच्या वीतभर खाली. गाव रोज उपसते म्हनून खाली हाय. झरे जिते हाईत. लोक पयाले तर पानी काढनार कोन? चढन. कपार बुडन."

विमलला ते सुचलं नव्हतं.

"म्हनजे हे वाचले तं आपन अडकलो," तो म्हणाला. "अन् रंगा माह्या मायजवय बसून वाट पाहीन."

तिने पदराचं टोक तोंडात धरलं. बाहेरची मुलं अजून हसत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चढाले येळ लागन. तेवढ्यात जाऊ."

"किती येळ लागन?"

"मले काय ठाऊक?"

उन्हाची पट्टी समोरच्या भिंतीवर पोचली आणि बाहेरचं हसणं एकदम थांबलं. मग पळणारी पावलं, गुरांचं हंबरणं, कोणीतरी कोणाच्या तरी नावाने हाका मारत होतं. डोंगरातला एक कोरकू आदिवासी धापा टाकत आला होता. घाटातून घोडी उतरताना त्याने पाहिली होती. वान नदीच्या पात्रात पाणी पाजायला थांबली होती. मोजता येणार नाहीत एवढी.

कोठ्याचं दार उघडलं. उंबऱ्यावर रुखमाबाई होती, कडेवर मुलगी, हातात कोठ्याची कडी. "चाला," ती म्हणाली.

चौकात सगळं गाव दाटलं होतं. बाया, म्हातारे, शेळ्या, भांडी, बोचकी. दरवाजा लावून आडणा घातला होता आणि त्याला पाठ देऊन पाटील उभा होता. रुखमाबाई गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन थांबली. भरल्या चौकात पाटलाशी तोंडावर बोलायची तिची ती पहिलीच वेळ असावी, कारण आजूबाजूची माणसं आपोआप गप्प झाली.

"गढीत पानी किती हाय?" तिने विचारलं.

पाटलाने चौकातल्या रांजणांकडे पाहिलं.

"रांजन दोन. बारव भाईर. त्यायनं दरवाजाले आग लावली तं इझवाले काय हाय आपल्याजवय? कडबा खळ्यात पडला हाय. आनायचीही मेहनत नाई त्याहिले."

कोणीतरी म्हातारं माणूस हुंकारलं. पाटलाची नजर एकदा दरवाजाकडे गेली. तेल लावलेल्या त्या लाकडाकडे त्याने प्रथमच तसं पाहिलं असावं.

"भाईर निंगून जाशील कोठी?" तो म्हणाला. "रानात?"

"रानात नाई. डोंगरात."

"डोंगरातून तं ते येऊन राह्यले."

"घाटानं येऊन राह्यले. आपन नाल्यानं वाघझिऱ्याच्या खोऱ्यात चढू. तठी घोडं चढत नाई. त्याहिचं तोंड खाली हाय, मागं कोन पाह्यते?" तिचा आवाज कापत होता पण थांबत नव्हता. "तुम्ही दरवाजा राखा. मी लेकरं नेते. पाटील, भाऊजीची पोरं म्या न्हाऊ घातली होती. मले आठवन नाई असं समजू नका."

पाटील तसाच उभा राहिला. दूरवर, नदीच्या बाजूला, धूळ दिसू लागली असल्याचं बुरुजावरून कोणी सांगितलं. विमलच्या मनात आलं, आता हा नाही म्हणाला तर सगळं संपलं, आणि हो म्हणाला तरी याचं काय होणार ते आपल्याला माहीत आहे. हे त्याला सांगावं की सांगू नये हेही तिला कळेना.

त्यानेच तिच्याकडे पाहिलं. "तू म्हनत होती का दरवाजा जयते."

"हाव."

"केवढा येळ टिकते?"

"ते मले ठाऊक नाई, पाटील."

त्याने मान हलवली. दरवाजातली लहान दिंडी त्याने स्वतःच्या हाताने उघडली. "ज्याले पोरं नाईत अन् म्हातारे मायबाप नाईत, त्यानं अठी राहावं," तो चौकाकडे पाहून म्हणाला. "बुरुजावर उभं राह्याचं. गाव आत हाय असं त्याहिले दिसलं पाह्यजे. बाकी सगये निंगा. आवाज नको."

माणसं वाकून दिंडीतून बाहेर पडू लागली. रुखमाबाई निघताना पाटलाने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

नाला बारवेच्या अंगावरूनच डोंगराकडे जात होता. काठाला करवंदीची आणि बोरीची झुडपं होती, त्यांच्या आडोशाने रांग वाकून चालली होती. पंजाबरावाने एका म्हातारीला पाठुंगळी घेतलं होतं. विमलच्या दोन्ही हातांत कोणाचीतरी मुलं होती, त्यांची नावं तिने विचारलीही नाहीत. टापांचा आवाज अजून आवाज नव्हता, पायाखाली नुसतं काहीतरी थरथरत होतं.

आणि मुलगी खोकली. रुखमाबाईने तिचं तोंड पदराने दाबलं. खोकला थांबेना. कोरडा, फुटक्या मडक्यासारखा आवाज, तो नाल्याच्या दोन्ही काठांवर आपटून परत येत होता. पुढची माणसं वळून पाहू लागली. एक बाई आपल्या मुलाला छातीशी ओढून पुढे सरकली. रुखमाबाईच्या हाताखाली मुलीचे ओठ निळसर झाले तेव्हा तिने झटकन हात काढला. खोकला पुन्हा सुरू झाला.

बारवेच्या तोंडाशी ती थांबली.

"पानी पाहा," ती पंजाबरावाला म्हणाली.

म्हातारीला खाली ठेवून तो पायऱ्या उतरला आणि लगेच वर आला. "ओठाले टेकलं. आता निंगालो तं निंगालो."

रुखमाबाईने मुलीला विमलच्या हातात दिलं. इतक्या पटकन की नकार द्यायला वेळच मिळाला नाही.

"खोऱ्यात ही खोकली का सगये मरतीन. मले हिचं तोंड दाबून धरावं लागन. माह्याच्यानं ते होनार नाई, अन् दुसऱ्या कोनाले म्या ते करू देनार नाई. घेऊन जाय हिले. जनका नाव हाय हिचं. ताक आवडते."

"पाटलीनबाई, पानी चढलं तं मी हिले माघारी कशी आनू?"

"जिती राह्यली पाह्यजे. माघारीचं मंग पाहू."

रुखमाबाई वळली ती पळतच. खाली ठेवलेल्या म्हातारीला तिने काखेत धरलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन मिळाली. एकदाही मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता, हे विमलला समजत होतं.

कपारीत या वेळी पाणी होतं. आधी कोपराला लागलं, वळणापाशी छातीला. पंजाबराव पुढे, त्याने मुलीला डोक्यावर धरलं होतं. एका जागी वरचा दगड आणि पाणी यांच्यात फक्त नाकापुरती जागा उरली. जनका अंधारात किंचाळली, मग पाणी नाकात गेल्यावर गप्प झाली, आणि ती गप्प झाली ते विमलला किंचाळण्यापेक्षा वाईट वाटलं. उजेडात येऊन पंजाबरावाने मुलीला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. मग ती रडू लागली. दोघं कोरड्या पायरीवर बसून तिचं रडणं ऐकत राहिले.

सोनाळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरने छातीला नळी लावली आणि म्हणाला, एक दिवस उशीर केला असता तर हाती काही उरलं नसतं. इंजेक्शनं सुरू झाली. माझ्या दूरच्या बहिणीची मुलगी, असं विमलने सगळ्यांना सांगितलं. रंगाने आपली लाकडी बैलगाडी तिला दिली आणि तिने ती न बोलता मांडीवर घेऊन ठेवली. ताप उतरला, खोकला सैलावला. ती ताकाशी भाकरी खाऊ लागली. पण संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन बसे आणि कोणी पदर घेतलेली बाई रस्त्याने आली की उठून उभी राही.

वाट पुन्हा मोकळी व्हावी म्हणून पंजाबरावाने इंजिनाचा पाइप कपारीत सोडला. पाणी येतच राहिलं. थंड, गोडं, न संपणारं. शेजारचे शेतकरी बघायला आले. पंजाबरावच्या विहिरीले झरा लागला, असं गावभर झालं. तो मान हलवी आणि रात्री विमलला म्हणे, "तठचे झरे हाईत. हे इंजिन पुरं पडत नाई." कपारीतलं पाणी बोटभर खाली जाई आणि इंजिन थांबलं की पुन्हा भरे. खोऱ्यात लोक पोचले की नाही, कोणी जिवंत आहे की नाही, काही कळायला वाट नव्हती. जनका आता हिंडूफिरू लागली होती. विमलला कधी वाटे, हिला हे घरच आपलं वाटू लागेल. मग स्वतःच्या मनात थोडा आनंद आहे हे तिच्या लक्षात येई आणि ती उठून कामाला लागे.

चैत्राच्या शेवटी एका सकाळी पंजाबराव धावत घरी आला. "इंजिन बंद हाय," तो म्हणाला, "डिझेल संपलं होतं. अन् तरी पानी उतरून राह्यलं."

"म्हनजे?"

"म्हनजे तिकून कोनीतरी उपसून राह्यलं."

दुपारपर्यंत वळणातला दगड मोकळा झाला. विमलने जनकाला पोटाशी बांधलं. रंगाची गाडी जनकाने हातातून सोडली नाही, म्हणून तीही घेतली. पंजाबराव डिझेल आणून या बाजूला इंजिनापाशी थांबला.

वळण ओलांडताच विमलला आवाज ऐकू आला. घागर पाण्यात बुडते, वर जाते, वर कुठेतरी ओतली जाते. पुन्हा बुडते. ती तोंडाशी आली. पायऱ्यांवर खालपासून वरपर्यंत बाया, म्हातारी माणसं, पोरं ओळीने उभी होती आणि हातोहात घागरी वर देत होती. वरचा माणूस पाणी नुसतं जमिनीवर ओतून देत होता. सगळ्यात खालच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, रुखमाबाई होती. तळहातांना चिंध्या बांधलेल्या. कपाळ मोकळं.

जनकाने तिला आधी पाहिलं.

त्यानंतर काही वेळ कोणी घागर उचलली नाही. रुखमाबाई मुलीच्या छातीला कान लावून बसली होती. खोकला येतो का ते ऐकत होती. मग तिने गाडीकडे पाहिलं, मुलीच्या न्हाऊन विंचरलेल्या केसांकडे पाहिलं, आणि विमलचा हात धरला. तिच्या हाताच्या चिंध्या ओल्या आणि रक्ताळलेल्या होत्या.

"किती दिस उपसून राह्यले?" विमलने विचारलं.

"डोंगरातून खाली उतरलो तवापासून. ह्या लोकायनं इचारलं नाई का कायले. मी म्हटलं उपसा, त्यायनं उपसलं."

"पाटील?"

"दरवाजा टिकला," रुखमाबाई म्हणाली. "आम्ही खोऱ्याच्या वर पोचलो तवा धूर दिसला. तवरोक टिकला होता."

वर जाऊन विमलने एकदाच पाहिलं. गढीच्या भिंती काळ्या पडल्या होत्या, घरांची छपरं खाली बसली होती. आंब्याच्या झाडाखाली बोचकी बांधून ठेवलेली होती आणि दोन बैलगाड्या जुंपायच्या बेतात होत्या. पूर्णेच्या पल्याड रुखमाबाईचं माहेर होतं, सगळे तिकडे निघाले होते. जळल्या जागी पुन्हा चूल मांडायची नाही असं ठरलं होतं. फक्त पोर यायची म्हणून थांबले होते.

"मंग अठी पानी कोनी काढनार नाई," विमल म्हणाली.

"नाई."

"म्हनजे..."

"हाव," रुखमाबाई म्हणाली. तिने पायरीवरची कासंडी उचलून विमलच्या हातात दिली. आत ताक होतं. विमल उभ्याउभ्याच प्यायली. जनका आईच्या खांद्यावर मान टाकून झोपी जात होती, गाडीचं एक चाक तिच्या मुठीत होतं.

विमल कपारीत शिरली तेव्हा पाणी ओठाशी परत आलं होतं. ती जाईपर्यंत बाया पुन्हा उपसत होत्या; ती वळणापाशी पोचली तेव्हा घागरींचा आवाज थांबला. पलीकडे पंजाबरावाने हात देऊन तिला वर ओढलं.

"देली?"

"देली."

तो आणखी काही विचारणार होता, पण तिचा चेहरा पाहून त्याने इंजिनाचं हँडल उचललं. कपारीतून पाणी वाहत बाहेर येऊ लागलं होतं, आता आवरायला कोणी नव्हतं तिकडे. संध्याकाळपर्यंत कपार बुडून पहिल्या पायरीला पाणी लागलं. विमलने डोळे पुसले, फावडं घेतलं आणि पाट कांद्याच्या वाफ्याकडे वळवला. त्या साली पाणी वाया जाऊ देणं कोणालाच परवडत नव्हतं.